तीन खिळ्यांचा ठसा

रणथंभोर किल्ला, ३ नोव्हेंबर

सुगना,

तुझ्या लग्नाची पत्रिका आज मी गणपतीला मोठ्यांदा वाचून दाखवली. त्याचं निमंत्रण त्याला पोचलं, एवढंच कळवायला लिहितोय. बाकी काही नाही.

तुला माहीत नसेल, पण गुडघ्यानं दगा दिल्यापासून माझं जंगलात ठसे वाचायचं आणि प्रवाशांना वाघ दाखवायचं काम सुटलं. आता सकाळी प्रवाशांना किल्ला दाखवतो आणि दुपारी देवळात बसून देवाची डाक वाचतो. पुजारीजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पोस्टमन पोतं आणून ओततो, मी एकेक पत्रिका फोडतो, मूर्तीपुढं नवरा-नवरीची नावं, तिथी आणि गाव वाचतो, मग टोपलीत टाकतो. लग्नसराईत दिवसाला चारशे-पाचशे होतात. लोक सख्ख्या काकाला विसरतील, पण पहिली पत्रिका रणथंभोरच्या गणपतीला टाकायला विसरत नाहीत.

तर आज एक गुलाबी पाकीट निघालं. मी आपला नेहमीच्या सुरात वाचायला लागलो. वर हंसराज, छीतरलाल यांचा मुलगा. वधू सुगना, स्वर्गवासी धापूबाईंची मुलगी. सत्तावीस नोव्हेंबर, मुक्काम भरतपूर. वडिलांच्या जागी काहीच नाही. मी थांबलो.

पुजारीजी म्हणाले, "काय रे कजोड, शाई पुसलीय का?"

"नाही, छापलंच नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुढची पत्रिका माझ्या हातात दिली. त्यांना काय सगळंच ठाऊक.

अगं, जगात दुसरा मुलगा नव्हता का? छीतरचाच मुलगा सापडला तुला? ज्याच्या बापाला माझ्या साक्षीनं तीन वर्षं तुरुंग झाला, त्याच्याच घरात जाऊन बसायचं! सात वर्षांपूर्वी वाघिणीचा बछडा तारेच्या फासात मेला, तेव्हा चिखलातला ठसा मी वाचला. जोडा छीतरचा होता, हे मी कोर्टात सांगितलं आणि आजही सांगेन. इतकी वर्षं मी जंगलाची माती वाचली, जोडा ओळखण्यात कधी चुकलो नाही.

एक विचारतो. देवाची डाक हल्ली मी वाचतो, हे तुला कुणी सांगितलं होतं का? नसेल तर हे पत्र फाडून टाक. असेल, तर मग ती पत्रिका नेमकी कुणाला होती?

कजोड


रणथंभोर किल्ला, १० नोव्हेंबर

सुगना,

हंसराजचं कार्ड आलं. दोनच ओळी. "आपलं पत्र पोचलं. सुगनानं ते फोडलं नाही आणि टाकलंही नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवलंय." अक्षर बरं आहे मुलाचं. छीतर सुटल्यावर ते भरतपूरला राहायला गेले, आणि मुलगा तिकडं पक्षी बघायला येणाऱ्यांना सायकलरिक्षात बसवून फिरवतो असं ऐकलं. आणि तू तिथंच जवळ डीगचे महाल दाखवतेस म्हणे. शेवटी धंदा बापाचाच उचललास, नाव टाकलंस तेवढं!

आज माझ्याकडं इंदूरचं एक कुटुंब होतं. बत्तीस खांबांची छत्री दाखवली, हम्मीरचा महाल दाखवला, पण त्यांचं लक्ष सगळं खाली तळ्याकडं. बाईंनी विचारलं, "काका, इथून वाघ दिसतो का?"

"अहो बाई, पाच मिनिटं आधी यायला हवं होतं! आत्ताच पाणी पिऊन गेला."

झाली की खूश. नवऱ्याला लागली बोलायला, तुम्हीच चहाला थांबलात म्हणून. महिनाभर त्या तळ्यावर मी वाघाची शेपटीसुद्धा बघितलेली नाही. पण वाघ नाही म्हणणारा गाइड दुपारचा उपाशी राहतो. हे तुला काय सांगायचं? लहानपणी माझ्यामागं हिंडताना तूच बोट दाखवून ओरडायचीस, "तो बघा, गेला!"

पायऱ्यांचा आता त्रास होतो. उजवा पाय मी तसाही तरुणपणापासून ओढतो, वडावरून पडलो होतो तेव्हाचा. त्याची खरड ऐकून तू आतूनच ओरडायचीस, "बापू आले, भाकरी टाका." आता तोच पाय पायरीवर उचलत नाही. नौलखा दरवाज्याशी रोज दम खायला थांबतो, आणि थांबलो की तू आठवतेस. मी साक्ष देऊन आलो त्या दिवशी तू तिथंच उभी होतीस, कापडी पिशवी घेऊन. अठरा वर्षांची पोर, आणि मला म्हणालीस, "बापू, ज्या दिवशी चार माणसांत खरं सांगाल, त्या दिवशी बाप म्हणेन. तोवर मला बाप नाही."

वानरं बघत होती, प्रवासी बघत होते. मी म्हणालो, "जा, जा! चार दिवसांत येशील परत." कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

पत्र पेटीत ठेवलंस, टाकलं नाहीस. मी याचा काय तो अर्थ लावून बसलोय. चूक असेल तर कळव.

कजोड


रणथंभोर किल्ला, १५ नोव्हेंबर

सुगना,

आज मी एका नवऱ्याचं नाव तीनदा वाचलं. पुजारीजी म्हणाले, "देवाला ऐकू येतं रे, एकदा पुरे." माझं मन थाऱ्यावर नाही. तू पत्र फोडत नाहीस ना? मग बंद पेटीत पडायच्या पत्रात खरं लिहायला कसली भीती! तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या हातानं ते कधी कागदावर उतरलेलं नाही. म्हणून उतरवतो.

भाद्रपदातल्या मेळ्याची ती दुसरी सकाळ. रात्रभराचा बंदोबस्त संपवून मी तांबडं फुटताना देवळाच्या पायऱ्या उतरलो. पायऱ्यांवर हा जोड्यांचा ढीग! माझे नवे होते, तू शिष्यवृत्तीतून घेतलेले. गावातल्या सगळ्यांचे जोडे एकाच मोच्यानं शिवलेले, डावा-उजवा नाही, नक्षी तीच. अंधुक उजेडात दिसले त्यात पाय सरकवले. जरा सैल लागले. म्हटलं, पावसानं कातडं सैलावलं असेल. सवयीनं तळ्याकाठून एक चक्कर मारली, घरी आलो, उंबऱ्याशी जोडे काढले आणि आडवा झालो.

आठ वाजता वनखात्याच्या चौकीवरून बोलावणं आलं. तळ्याकाठी बछडा मेलाय. गमबूट चढवले आणि पळालो.

साहेब होते, शिपाई होते. मला बघून सगळे बाजूला सरकले. "कजोड आला, आता कळेल." मी वाकलो. चिखलात जोड्याचे ठसे, टाचेला टायरचा तुकडा आणि तीन खिळे, त्यातला एक वाकडा. मी म्हणालो, "हा छीतरचा जोडा." एवढं बोलून तरी गप्प बसायचं! कुणी विचारलं नव्हतं, मीच ऐटीत पुढं म्हणालो, "आणि साहेब, हा बघा उजवा पाय ओढलाय. खांद्यावर ओझं असणार." सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जन्मभर माझ्याबरोबर चाललेला पाय, सुगना, आणि मला तो ओळखता आला नाही.

छीतरच्या आजा-पणजांनी शिकारी केलेल्या, त्यामुळे त्याचं नाव निघाल्यावर कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. दुपारी त्याला चौकीत आणलं. पायात जोडे होते माझे, तू घेतलेले. तो ओरडत होता, "माझे जोडे मेळ्यात बदलले हो! हे कुणाचे आहेत मला ठाऊक नाही!" सगळे हसले. म्हणाले, चोराला म्हणे देवळात जोडे बदलून मिळतात. मी माझे जोडे ओळखले आणि मीही हसलो. सगळ्यांच्या बरोबरीनं हसलो.

संध्याकाळी घरी आलो तर तू उंबऱ्याशी बसून जोड्याचा चिखल खरवडत होतीस. जोडा उलटा करून माझ्यापुढं धरलास. तीन खिळे. म्हणालीस, "बापू, छीतरकाका सरळ चालतात. पाय तुम्ही ओढता."

त्याच पावली चौकीत जाऊन सांगता आलं असतं. नोकरी जाईल, तळ्याकाठी तूच होतास तर फासही तूच लावलास म्हणतील, ही भीती होतीच. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. अख्ख्या जिल्ह्यात ज्याला ठसे वाचायला बोलावतात, त्यानं स्वतःचाच ठसा वाचून दुसऱ्याला पकडून दिलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून तुला मेलेल्या आईची शपथ घातली की हे कुणाजवळ बोलायचं नाही. तू शपथ पाळलीस आणि घर सोडलंस. आणि फास खरंच कुणी लावला होता, ते आजवर कळलं नाही.

लिहून झालं. उद्या चार माणसं शोधतो.

बापू


सवाई माधोपूर, २० नोव्हेंबर

सुगना,

चार माणसं शोधली. हसू नकोस.

आधी चौकीत गेलो. तेव्हाचे साहेब कधीच निवृत्त झाले, नवे आहेत ते भले आहेत, खुर्ची दिली, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "निकाल लागून गेला, तो शिक्षा भोगून आला. आता मी काय करू, काका? तुम्ही अर्ज द्या." बाहेर कारकुनाकडं गेलो.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"कजोडमल मीणा."

"तक्रारदार?"

"कजोडमल मीणा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काका, ऊन फार झालंय. घरी जा." नोव्हेंबरात!

मग चहाच्या टपरीवर गेलो. फेरीला निघायच्या आधी सगळे गाइड आणि ड्रायव्हर तिथंच असतात. म्हटलं, चार सोडून चौदा माणसं आहेत, याहून बरा मुहूर्त कुठला? उभा राहिलो आणि सांगून टाकलं. जोडे, तळं, पाय, सगळं. मग तो लड्डूलाल, जंगलफेरीची उघडी गाडी, कँटर, चालवतो तो, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "काका, लेकीच्या लग्नासाठी माणूस काय काय करतो! पण इतकं खोटं नका बोलू. तुमच्यासारखा माणूस स्वतःचा पाय ओळखणार नाही होय?"

"अरे, खरं सांगतोय!"

"आणि आत्ताच वाघ पाणी पिऊन गेला, तेही खरंच ना?"

हसून हसून बेजार झाले. एकानं माझ्या चहाचे पैसे दिले. बाप आहे बिचारा, म्हणाला.

मला राग आला, शिव्या दिल्या, पण कुणावर रागवायचं? जन्मभर खोटं सांगितलं ते लोकांनी देववाणीसारखं मानलं. एकदा खरं सांगायला गेलो तर कुणी घेईना. पोरी, तुझी अट मी पुरी केली म्हणायची की नाही? चौदा जणांनी ऐकलं, एकानंही मानलं नाही. याला चार माणसांत सांगणं म्हणतात का? मला खरंच कळेनासं झालंय.

बापू


रणथंभोर किल्ला, २५ नोव्हेंबर

सुगना,

काल पुजारीजींना विचारलं, "इतक्या पत्रिका येतात, देव एका तरी लग्नाला जातो का?"

ते म्हणाले, "तुला कशाला चौकशी? त्याला पत्रिका येते, तुला आली नाही. तू तुझं बघ."

"बघतोच आहे. बोलावलं नाही म्हणून कसा जाऊ?"

"बोलावलं असतं तर गेला असतास का? खरं सांग."

त्यांनी प्रसादाचा लाडू हातात दिला आणि टोपली पुढं सरकवली. एकशे ऐंशी पत्रिका राहिल्या होत्या.

छीतरचे जोडे मी टाकले नव्हते. सात वर्षं चाऱ्याच्या माळ्यावर गोणपाटात होते. काल काढले. कातडं लाकूड झालंय, पण टाचेचे खिळे जागच्या जागी आहेत. कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही, माझ्या तोंडावर तर नाहीच नाही. जोड्यावर ठेवतील.

आणि एक. धापूची शपथ मी तुला घातली होती, ती मीच सोडवतो. आता तू हंसराजला, छीतरला, हव्या त्याला सांग. पण माझा मूर्खपणा बघ, शपथ सुटली हे मी ज्या पत्रात लिहितोय ते तू फोडणार नाहीस. म्हणजे मलाच यावं लागणार. उद्या रात्रीच्या गाडीनं निघतो. हाकलून दिलंस तरी चालेल. पण आधी बोलू दे.

बापू


सवाई माधोपूर, २८ नोव्हेंबर

सुगना,

आज सकाळी इथं परत पोचलो. तू दाराशी काय झालं ते बघितलं नाहीस, म्हणून लिहितो.

काल लग्नाच्या धर्मशाळेच्या दारात छीतर उभा होता. तुझ्या बाजूनं कुणी नाही म्हणून दोन्हीकडचा यजमान तोच. डोक्याला केशरी फेटा, आणि पाय केवढे सुजलेले! चपला पट्टे कापून घातलेल्या. मला ओळखलं. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी पिशवीतून जोडे काढून त्याच्या हातात दिले.

त्यानं जोडा उलटा केला. अंगठ्यानं खिळे चाचपले. "हा वाकडा मीच मारलेला," म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. "हे तुझ्याकडं कसे?"

"मेळ्याच्या सकाळपासून माझ्याकडंच आहेत."

"म्हणजे तळ्याकाठी..."

"मी होतो. पायात हे होते."

तो बाकावर बसला. चप्पल काढून जोड्यात पाय घालून बघितला. बोटंच जाईनात. "बसत नाही आता," म्हणाला. तेवढंच. मला वाटलं होतं तो त्याच जोड्यानं मला बडवेल. बडवलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग त्यानं विचारलं, "पोरीला ठाऊक होतं?"

"होतं. मी तिला तिच्या आईची शपथ घातली होती."

"चार वर्षं झाली," छीतर म्हणाला, "रोज संध्याकाळी येऊन माझ्या पायांना तेल चोळते. मला आपलं वाटायचं, हंसराजच्या ओढीनं येते." त्यानं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मग जोडे उचलले आणि दाराशी पाहुण्यांच्या जोड्यांच्या रांगेत नीट जुळवून ठेवले. म्हणाला, "मला कशाला सांगतोस? तुरुंगात मीच होतो ना, मला माहीतच होतं मी नाही केलं. आत चारशे माणसं बसलीत. त्यांना सांग."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. तुमचा शेवटचा फेरा चालला होता. तू घुंगटात होतीस. मी थेट मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, हात वर केले आणि ओरडलो. "तो ठसा माझा होता! छीतर निर्दोष आहे! मी खोटी साक्ष दिली!"

आणि नेमका त्याच वेळी फेरा पुरा झाला न् बँडवाल्यांनी फुंकलं.

मी ओरडतच होतो, सुगना. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जोडे, चिखल, चौकी, शपथ. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पुढं बसलेल्या म्हातारीला वाटलं मी आशीर्वाद देतोय, तिनं हात जोडले. एकानं माझ्यावर फुलं टाकली. कुणी तरी हातात पुरी-लाडूची पत्रावळ दिली. तू मात्र घुंगट वर करून माझ्याकडं बघत होतीस. बघत होतीस ना? की हा कोण वेडा आलाय, म्हणून बघितलंस?

बँड थांबला तेव्हा सगळे शांत झाले. तेव्हा पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. मला जमलं नाही. एकदा सांगण्याइतकाच दम घेऊन मी आलो होतो, तो बँडमध्ये संपला. पत्रावळ तशीच धरून मी बाहेर पडलो. छीतर मला "काय झालं?" म्हणाला. मी नुसती मान हलवली. सांगितलं म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मला माहीत नाही.

दाराशी माझ्या चपला नव्हत्या. कुणी तरी घालून गेलं होतं. तिथं तशाच चपलांची एक जोडी होती, माझ्याच मापाची. एक पाहुणा म्हणाला, "घाला हो काका, लग्नात असं व्हायचंच, तो तुमच्या घालून गेला तर तुम्ही त्याच्या घाला." मी घातल्या नाहीत. अनवाणी निघालो.

तुझ्या धर्मशाळेपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता सगळा धुळीचा आहे. गाडीला वेळ होता म्हणून मी फाटकापाशी थांबून मागं वळून बघितलं. पावलं अगदी स्पष्ट उमटली होती, पाचही बोटं, आणि उजव्या पायामागं लांब ओढलेली रेघ. असा नीट ठसा मी वर्षानुवर्षं बघितला नव्हता. कुणीही वाचला असता. तुला तर मीच शिकवलंय.

हे पत्र तू फोडशील तेव्हा तो ठसा रस्त्यावर राहिलेला नसेल.

बापू